गोरिलावाल्या डॉक्टर ताईंना, भुऱ्याच्या घरून

डॉक्टर ताई,

व्हॉट्सअ‍ॅपवर थँक्यू लिहून झालं, हात जोडलेले इमोजी पण टाकले, तरी मनाचं समाधान होईना म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितोय. नाव टाकत नाही, कारण तुम्हीच म्हणालात की नाव टाकलंत तर उद्यापासून अख्खं घोडबंदर माझ्या दारात. फोन तर तुम्ही आत्ताच उचलत नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, भुऱ्या म्हणजे आमचा नऊ वर्षांचा गावठी कुत्रा, मानपाड्याला पावसात सापडलेला. गेल्या श्रावणात तो वाट्टेल तेवढं पाणी प्यायला लागला, घरात शू करायला लागला, दोन वेळा भरपेट खाऊनही बरगड्या मोजता येतील असा झाला आणि तपासलं तर डायबेटिस. म्हणजे दिवसातून दोनदा इन्सुलिन, बारा तासांनी, जेवणाबरोबर, कायमचं. आणि ते तपासलं कसं, तर आधीच्या एका क्लिनिकमध्ये दोघांनी त्याला टेबलावर दाबून धरलं, तोंडाला बँडेज गुंडाळलं, तो तिथेच घाबरून मुतला आणि मी मूर्खासारखा त्याचे मागचे पाय धरून उभा. त्यानंतर स्पिरिटचा वास आला की भुऱ्या पलंगाखाली, हात घातला की दात. आईला दोन टाके पडले.

तुम्ही दोन बिल्डिंग सोडून राहता म्हणून शेवटी आलात. मला वाटलं आता झोपेचं औषध देणार. तुम्ही चहा घेतलात, पलंगाकडे बघितलंसुद्धा नाही आणि विचारलंत, "दीडशे-पावणेदोनशे किलोचा गोरिला कोण धरून ठेवणार, सांगा बघू?"

मग मोबाईलवर तो व्हिडिओ दाखवलात. परदेशातल्या कुठल्याशा झूमधला नर गोरिला, पाठ चंदेरी झालेला, जाळीपाशी येऊन स्वतः छाती टेकवतो, जाळीच्या फटीतून बाईसाहेब जेल लावलेला प्रोब फिरवतायत, स्क्रीनवर हृदय धडधडतंय, आणि हा आपला आरामात फळाच्या फोडी खातोय! ना भूल, ना दोरी. तुम्ही सांगितलंत की झूमधले मोठे नर गोरिला जास्त करून हृदयाच्या आजारानेच जातात, आणि तो आपल्यासारखा नळ्या ब्लॉक होण्याचा नसतो, हृदयाचा स्नायूच हळूहळू चिवट होत जातो. अशा हृदयाला भूल देणं म्हणजेच मोठी जोखीम, त्यामुळे जागेपणी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करून घ्यायला शिकवलेलं बरं. २०१० पासून अमेरिकेत ग्रेट एप हार्ट प्रोजेक्ट म्हणून कामच चालू आहे, वेगवेगळ्या झूमधले इको एकत्र करून बघतात, त्यात माणसांचे हार्टचे डॉक्टर पण आहेत. आणि हे शिकवायला महिनोन्‌महिने जातात, आधी नुसतं जाळीपाशी येणं, मग छातीला काठी लागणं, मग गार जेल, मग प्रोब. कंटाळला की गोरिलाने उठून जायचं, कोणी अडवत नाही. ही उठून जायची गोष्ट तुम्ही दोनदा सांगितलीत, मला तेव्हा कळली नव्हती.

पण इन्सुलिन महिनोन्‌महिने थांबत नाही ना! म्हणून पहिले पंधरा दिवस सकाळ-संध्याकाळ तुम्ही स्वतः जिना चढून आलात, तो खाण्यात गुंग असताना ती केसाएवढी सुई मानेमागच्या सैल कातडीत टोचून परत. लिफ्ट बंद होती त्यातले चार दिवस. पैसे विचारले की "बघू".

आणि बाजूने शाळा चालू. जुनी सतरंजी, तुमचा निळा टिकटिक करणारा क्लिकर, उकडलेल्या चिकनचे नखाएवढे तुकडे. सतरंजीवर आला, टिक, तुकडा. मानेला हात, टिक, तुकडा. रिकामी सिरिंज नुसती दाखवली, तो उठून गॅलरीत गेला, आणि तुम्ही म्हणालात जाऊ दे. मला राग आला होता खरं सांगतो, सव्वासात वाजलेले, मला ट्रेन पकडायची. तीन मिनिटांनी साहेब स्वतःहून परत येऊन बसले.

आईचं बिस्किट प्रकरण पण तुम्हीच मिटवलंत. ती चोरून त्याला ग्लुकोज बिस्किटं द्यायची आणि शुगर का उतरत नाही म्हणून आपण डोकं धरून बसायचो. तुम्ही तिला अमेरिकेतल्या क्लीव्हलँडच्या झूमधल्या दोन गोरिलांची गोष्ट सांगितलीत, त्यांची ती पिठूळ बिस्किटं बंद करून ढिगाने पालेभाजी सुरू केली तर प्रत्येकाचं तीसेक किलो वजन उतरलं. आई म्हणाली, गोरिलाला जमतं तर ह्याला का नाही, आणि डबा वरच्या फळीवर गेला. मी बोंबलून सांगत होतो तेव्हा ऐकलं नव्हतं.

दिवाळीत आम्ही मैसूरला गेलो होतो, भुऱ्या तुमच्याकडे होता तेव्हा. १८९२ सालची झू, पोलो नावाचा गोरिला २०१४ मध्ये गेला आणि मग ऑगस्ट २०२१ मध्ये जर्मनीहून थाबो आणि डेम्बा आले. त्यातला एक पाठ करून बसलेला, पब्लिक हाका मारतंय, शिट्ट्या वाजवतंय, त्याने ढुंकून बघितलं नाही. आई त्या पब्लिकला म्हणाली, अहो त्याला नाही यायचं तर राहू दे की. मराठीत.

आता सकाळी फ्रिजचं दार वाजलं की भुऱ्या सतरंजीवर हजर. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू आलाय, तुम्ही आधीच बजावलं होतं डायबेटिसमध्ये होतो म्हणून, तर कधी सतरंजीच्या शेजारी बसतो आणि आई सतरंजी त्याच्याकडे सरकवते. इंजेक्शन आता आईच देते, ४० ची सिरिंज आणि १०० ची सिरिंज (कमी आणि जास्त कडक इन्सुलिनच्या वेगवेगळ्या) यातला फरक मलाच शिकवते.

क्लिकर अजून आमच्याकडेच आहे. रविवारी आणून देतो, अळूवड्या पण आहेत, फोन उचला.

तुमचाच,
भुऱ्याचा बाबा, ठाणे पश्चिम