मुखपृष्ठावरचे दगडी झाड न दाखवल्याबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, दक्षिण अमेरिका सहल विभाग

विषय: बोलिव्हिया सहलीत 'आर्बोल दे पिएद्रा' (दगडी झाड) हा झाडाच्या आकाराचा खडक वगळल्याबद्दल परताव्याची मागणी

महोदय,

आपल्या माहितीपत्रकाच्या मुखपृष्ठावर ज्या दगडी झाडाचे छायाचित्र आहे, ते आपल्या सहलीत आम्हाला दाखवण्यात आले नाही आणि त्याविषयी काल दूरध्वनीवर मिळालेले उत्तर ऐकल्यानंतर हे पत्र लिहिणे भाग पडले आहे.

उयुनीच्या मिठागरातून हे झाड असलेल्या सिलोली वाळवंटमार्गे लगुना कोलोरादा या लाल तळ्यापर्यंत, असा मार्ग कार्यक्रमपत्रिकेत छापलेला असताना आमची जीप विया आलोता गावामार्गे, सिलोलीला बगल देऊन नेण्यात आली. चालकाला विचारले असता त्याने आपल्या स्थानिक कार्यालयाचा कागद पुढे केला. त्यात या थांब्याचा उल्लेखच नव्हता. लाल तळ्याशी पोहोचलो तेव्हा ते झाड तेथून सुमारे १८ किलोमीटर उत्तरेला होते. सकाळी तेथे नेण्याची चालकाची तयारी होती, पण कागदात नसलेल्या थांब्याचे इंधन त्याने पदरचे का घालावे?

काल आपल्या प्रतिनिधी म्हणाल्या, "सर, त्याऐवजी दगडांची दरी दाखवली ना? तिथे तर कितीतरी दगड आहेत." म्हणजे एकाच्या जागी अनेक मिळाले, म्हणून मी आभार मानायला हवे होते. वाऱ्याबरोबर येणाऱ्या वाळूने बुंधा झिजून वरचा भार तसाच तोलून राहिलेला तो सुमारे सात मीटर उंचीचा एकच खडक आम्हाला पाहायचा होता, असे मी सांगितले. बराच वेळ संगीत ऐकवल्यावर उत्तर आले, "झाड म्हणताय का, सर? तेवढ्या उंचीवर झाडे नसतात." बोलिव्हियातच साहामा पर्वताच्या उतारावर पाच हजार मीटरच्या वर केन्युआची झाडे वाढतात, हा वाद मी घातला नाही. त्यानंतर त्या म्हणाल्या, "दगडच बघायचे तर आपल्या सह्याद्रीत काय कमी आहेत?" हे ज्ञान आपल्या संस्थेने पैसे घेण्यापूर्वी दिले असते, तर आम्ही एसटीने गेलो असतो.

हे झाड ज्यात येते, त्या एदुआर्दो आबारोआ राखीव क्षेत्राचे प्रवेशशुल्क आम्ही वेगळे भरले होते आणि ज्या थांब्यासाठी प्रामुख्याने ही सहल निवडली, तोच वगळला गेला, हे पुन्हा नमूद करतो. आपल्या नोंदीत मात्र 'खडक दाखवले' अशी खूण आहे म्हणे.

पुढील सहलीवर देऊ केलेली सवलत मला नको. आपल्याबरोबर पुढील सहल होणार नाही. पंधरा दिवसांत त्या टप्प्याची रक्कम परत न मिळाल्यास ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार सेवेतील त्रुटीबद्दल माझ्या राहत्या जिल्ह्यातील ग्राहक आयोगाकडे दाद मागेन. माहितीपत्रक, कार्यक्रमपत्रिका आणि चालकाकडील कागदाचे छायाचित्र सोबत जोडले आहे.

आपला,
सहलीतील एक प्रवासी