खणात पडून असलेली श्रवणयंत्रं आम्हाला हवी आहेत

सप्रेम नमस्कार.

काही वर्षांपूर्वी आपल्या ज्येष्ठ नागरिक संघाने श्रवणयंत्रांचं वाटप केलं होतं. पाहुणे, भाषणं, फोटो, सगळं यथासांग झालं. पुढे वर्गणीच्या निमित्ताने घरोघर गेलो, तेव्हा त्यातली बरीचशी यंत्रं खणांत सापडली. एका काकूंकडच्या सहा सेलच्या पाकिटातला एकच सेल निघाला होता, बाकी पाचांवरचे स्टिकर जसेच्या तसे. "घातलं की शिट्टी मारतं हो, आणि भांडं पडलं की कानात खिळा ठोकल्यासारखं होतं," काकू म्हणाल्या.

चूक काकूंची नव्हती, आमची होती. सगळ्यांना एकच यंत्र, एकाच मापाने लावून दिलं होतं.

वयोमानाने कान अधू होतो, पण सगळे आवाज सारखे कमी होत नाहीत. आतल्या कानात शंखासारखा वळलेला जो भाग असतो, त्यात सुमारे १५,००० सूक्ष्म केसपेशी, म्हणजे आवाज टिपणाऱ्या पेशी, असतात. त्या एकदा गेल्या की पुन्हा येत नाहीत, आणि बहुधा आधी जातात त्या वरच्या पट्टीच्या. बोलण्यात याचा फटका व्यंजनांना बसतो. 'आ', 'ओ' हे स्वर ठसठशीत, ते पोचतात. 'स', 'श', 'फ' हे नुसते हवेच्या घर्षणाचे आवाज, ते निसटतात. 'साठ' म्हणावं तर 'आठ' ऐकू येतं. "ऐकू येतं, पण कळत नाही" ही तक्रार म्हणजे हट्ट नव्हे, कानाचं अगदी अचूक वर्णन आहे. घरचे मग ओरडून बोलतात. ओरडल्याने स्वर तेवढे दणदणतात, 'स' होता तिथेच राहतो, आणि वर माणसाला वाटतं की आपल्यावर खेकसताहेत.

म्हणून यंत्र निवडायचं ते ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याच्या चाचणीचा आलेख, बघून. त्यावर उजव्या कानाचे लाल गोल, डाव्याच्या निळ्या फुल्या. २५० पासून ८,००० हर्ट्झपर्यंत कुठली पट्टी किती खाली गेली आहे ते त्यात दिसतं. यंत्र त्याप्रमाणे संगणकावर जुळवतात, जिथे कमी तिथेच भर घालतात, आणि मोठा आवाज टोचू नये म्हणून वरची मर्यादा बांधतात. नुसता सगळाच आवाज फुगवणारी स्वस्त यंत्रं मिळतात, ती आम्ही यापुढे वाटणार नाही. देणगीत आली तरी नकोत. शिट्टी वाजते ती बहुतेक वेळा यंत्र बिघडल्याने नाही, तर मोल्ड, म्हणजे यंत्राचा कानात बसणारा भाग, नीट न बसल्याने. आवाज फटीतून बाहेर येतो आणि पुन्हा माइकमध्ये शिरतो. मोल्ड ज्याच्या-त्याच्या कानाचा साचा घेऊनच करावा लागतो.

यंदाचं काम आम्ही असं आखलंय: आधी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून तपासणी (कधी कधी नुसता मळच निघतो आणि यंत्राची गरजच उरत नाही), मग ऑडिओलॉजिस्टकडून (श्रवणतज्ज्ञाकडून) ऐकण्याची चाचणी, मोल्ड, जुळवणी, आणि नंतर निदान तीन वेळा फेरजुळवणी. सवय व्हायला काही आठवडे लागतात. वर्षानुवर्षं शांत असलेल्या कानात एकदम पंखा, नळ, स्वतःची पावलं घुसतात, तेव्हा कुणीतरी धीर द्यायला हवा.

यासाठी तीन गोष्टी हव्यात. पहिली, वापरात नसलेली, कानामागे बसणारी डिजिटल यंत्रं. ती तपासून, नवा मोल्ड लावून दुसऱ्याला जुळवता येतात. कानाच्या आत बसणारी मात्र एकाच कानाच्या मापाची असतात, ती देऊ नका. दुसरी, पैसे. ते मोल्ड, चाचण्या आणि सेल यांवरच खर्च होतील. छोटे सेल आठ-पंधरा दिवसांत संपतात आणि पुष्कळदा यंत्र सुटतं ते तिथेच. रक्कम कितीही चालेल, पावती मिळेल, हिशोब फलकावर लावू.

तिसरी गोष्ट मिळणं सर्वांत अवघड: आठवड्यातला एक तास. कुणाच्या घरी जाऊन सेल बदलायला शिकवायचं, मोल्ड स्वच्छ कसा ठेवायचा ते दाखवायचं, समोर बसून, चेहरा दिसेल असं, सावकाश बोलायचं. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ आयोगाने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या १४ जोखमींत उपचार न झालेला बहिरेपणाही धरला आहे. ऐकू न येणारा माणूस आधी गप्पांतून उठतो, मग बैठकीलाच यायचा थांबतो. आमच्या हजेरीपटावर हे आम्ही पाहिलंय.

एक सूचना आवाहनाबाहेरची. एका कानाचं ऐकणं अचानक, एखाद्या दिवसात गेलं, तर आमच्या शिबिराची वाट पाहू नका. त्याच दिवशी तज्ज्ञांकडे जा. उपचार लवकर सुरू झाला तर उपयोग होण्याची शक्यता जास्त असते.

यंत्रं आणि देणग्या संघाच्या कार्यालयात रोज संध्याकाळी स्वीकारू. आणताना यंत्रातला सेल काढून ठेवा, आत राहिलेला सेल गळला तर यंत्र खराब होतं. न उघडलेले सेलही आणा, पण त्यांचे स्टिकर काढू नका. स्टिकर निघाला की हवा लागून सेल चालू होतो आणि वापरला नाही तरी संपत जातो.

आपले,
ज्येष्ठ नागरिक संघाचे कार्यकर्ते