काका, गाडी आता सरळ जाते

आदरणीय काका,
सा. न.

तुमची लेक म्हणाली, "बाबांचे आभार मानायला जाऊ नकोस, ते विषय बदलतात." म्हणून तोंडानं न बोलता लिहितेय. आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय, कारण त्या दोन सकाळी तुम्ही जे दाखवलंत ते माझ्यासारख्या आणखी कुणाच्या तरी कामाला येईल. विषय बदलायचाच असेल तर वाचून झाल्यावर बदला.

गाडी घेऊन तीन आठवडे झाले होते. गावातल्या गावात मस्त चालायची. हायवेला ९० च्या पुढे गेली की मात्र तिचं चित्त थाऱ्यावर नसायचं. जरा इकडे, जरा तिकडे, आणि मी सतत बारीक बारीक सावरत बसलेली. तासाभरानं खांदे भरून यायचे. घरी सगळ्यांचं मत पडलं की नवी गाडी आहे, हात बसेल. सर्व्हिस सेंटरला दोनदा नेली. पहिल्यांदा एक मुलगा आवाराभोवती चक्कर मारून आला आणि "ओके आहे मॅडम" म्हणाला. दुसऱ्यांदा "इलेक्ट्रिक पॉवर स्टेअरिंग आहे ना, हलकंच लागणार, सवय होईल" असं ऐकवलं. ताशी २० नं आवारात फिरून ११० चा दोष कसा सापडणार, हे तेव्हा मला सुचलंच नाही. खरं सांगायचं तर चूक माझीच असावी, असं मला वाटायला लागलं होतं.

तुम्ही पहिल्या भेटीत गाडीला हातसुद्धा लावला नाहीत. "काय होतं?" विचारलंत. मी म्हटलं, स्टेअरिंग खराब आहे. तुम्ही म्हणालात, "ते आपण ठरवू. तुम्ही फक्त काय होतं ते सांगा. ओढते, थरथरते की भटकते?" मला तोवर हे तीन वेगळे आजार आहेत हेच माहीत नव्हतं. एकाच बाजूला जात राहिली तर ओढते. ८० ते ११० च्या दरम्यान स्टेअरिंगला कंप सुटला तर बहुतेक पुढच्या चाकांचं बॅलन्सिंग, आणि कंप सीटखाली लागला तर मागच्या चाकांचं. आणि दोन्ही नसून नुसतीच सरळ राहत नसेल, कधी या बाजूला कधी त्या, तर भटकते. मी विचार करून म्हटलं, भटकते. तुम्ही मान हलवलीत आणि म्हणालात, "मग बॅलन्सिंगवर पैसे घालवू नका." त्या एका वाक्यानं माझा एक हेलपाटा वाचला, कारण दुसऱ्या दिवशी मी तेच करायला निघाले होते.

पहिल्या सकाळी गाडी रात्रभर उभी होती. तुम्ही खिशातून गेज काढलात आणि चारही चाकांची हवा मोजलीत. ४४, ४४, ४३, ४४. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरचा स्टिकर मला वाचायला लावलात, तिथं ३३ लिहिलेलं. कारखान्यातून निघताना टायरमध्ये मुद्दाम जास्त हवा भरतात, म्हणजे ट्रेलरवर बांधून, महिनोन्‌महिने यार्डात उभी राहून टायर एका जागी चपटे होत नाहीत. ती हवा गाडी गिऱ्हाईकाच्या हातात देण्याआधी उतरवायची असते. आमच्या गाडीची कुणी उतरवलीच नव्हती. मी लगेच वॉल्व्हपाशी वाकले, तर तुम्ही हात धरलात. "आधी आहे तशी चालवू. आजार बघितल्याशिवाय औषध दिलं तर नेमकं काय बरं झालं ते कळायचं नाही."

काका, मी तुमच्या जागी असते तर माझ्याच्यानं तेवढा धीर धरवला नसता. पण ११ पीएसआयचा फरक म्हणजे काय होतं, ते आधी अनुभवायला मिळालं म्हणूनच नंतर समजलं. जास्त हवेनं टायर फुगून ताठ होतो, रस्त्याला टेकणारा पट्टा आक्रसतो, आणि रस्त्यावरची बारीकसारीक उंचसखल जी टायरनं गिळायची ती थेट गाडीला लागते.

निघण्यापूर्वी तुम्ही निळ्या इन्सुलेशन टेपचा बोटाएवढा तुकडा स्टेअरिंगच्या बरोबर वरच्या मधोमध लावलात. मला वाटलं, आता हे काय. तुम्ही शेजारी बसलात आणि गाडी मलाच चालवायला लावलीत. "मी चालवली तर मी सावरेन, मग तुम्हाला काय जाणवतं ते मला कसं कळणार?" मी बोलत राहायचं आणि तुम्ही टेपकडे बघत बसायचं, असा तो प्रवास. १०५ ते ११० च्या वेगात मी "आता, आता गेली" म्हणायची आणि तुम्ही "हं" करायचात.

मध्येच एकदा तुम्ही लेन कीप असिस्ट, म्हणजे गाडी लेनमध्ये ठेवायला स्वतःच स्टेअरिंग हलवणारी सोय, बंद करायला सांगितलंत. "आधी मधला माणूस बाजूला करू." मला ते चालू आहे याचाही पत्ता नव्हता. पुसट झालेले पांढरे पट्टे त्या कॅमेऱ्याला कधी दिसायचे, कधी नाही. दिसले की पॉवर स्टेअरिंगची मोटर हलकेच ओढ द्यायची, दिसेनासे झाले की सोडून द्यायची. ते बंद केल्यावर कुणीतरी हळूच स्टेअरिंग हिसकावतंय ही भावना गेली. भटकणं राहिलंच.

मग तोच पट्टा तुम्ही मला दुसऱ्या लेनमधून चालवायला लावलात. ज्या लेनमध्ये ट्रक सतत चालतात तिथं डांबरात चाकोऱ्या पडलेल्या असतात आणि रुंद टायर त्या चाकोरीच्या कडा धरून चालायला बघतो. लेन बदलल्यावर फरक पडला, थोडाच. मग परत फिरून उलट दिशेनं आलो, म्हणजे वारा दुसऱ्या बाजूला जाईल. तरी गाडी तशीच. आता वाऱ्यावरही खापर फोडायची सोय उरली नाही.

आणि ती टेप. सरळ रस्त्यावर, गाडी सरळ जात असताना, ती मधोमध नव्हती. अर्धा-पाऊण सेंटीमीटर डावीकडे होती. जाताना डावीकडे, येतानाही डावीकडे. मी तीन आठवडे ते स्टेअरिंग धरून बसले होते आणि मला कधी दिसलं नाही. तुम्ही म्हणालात, पाणी वाहून जावं म्हणून रस्ता कडेला झुकलेला असतो, आपण डाव्या बाजूनं चालतो, म्हणजे उतार डावीकडे, म्हणजे गाडी सरळ ठेवायला स्टेअरिंग किंचित उजवीकडे धरावं लागायला हवं. "इथं उलटं आहे. आता मला मागची चाकं बघायचीत." भटकणारं स्टेअरिंग आणि बघायची मागची चाकं! मनातल्या मनात मला वाटलं, काकांचं वय झालं. माफ करा.

परत आल्यावर हवा ४८ झाली होती. मी पुन्हा वाकले, तुम्ही पुन्हा थांबवलंत. स्टिकरवरचा आकडा थंड टायरचा असतो, गरम टायरची हवा त्या आकड्यावर आणली तर सकाळी ती कमी भरणार. म्हणून रात्र जाऊ दिली.

दुसऱ्या सकाळी चारही चाकं ३३ वर आणली आणि त्याच रस्त्यानं गेलो. गाडी बसली. दुसरा शब्द मला सुचत नाही. बारीक उड्या थांबल्या, निम्मी तक्रार तिथंच मिटली, आणि खरं सांगते, मी एकटी असते तर तिथंच थांबले असते. पण ट्रक ओलांडताना मागचा भाग अजून हलकेच सरकायचा, आणि टेप होती तिथंच होती.

मग अलाइनमेंट, म्हणजे चाकांची तोंडं नेमकी कुठे आहेत ते मोजून जुळवणं. तुमच्या ओळखीच्या त्या पोराच्या मशीनवर गाडी चढली तेव्हा तुम्ही आधी डिकी रिकामी करवलीत, हवा पुन्हा तपासलीत आणि त्याला बजावलंत की आज काही फिरवायचं नाही, फक्त मोजायचं आणि कागद द्यायचा. चाकं अधांतरी होती तेव्हा तुम्ही प्रत्येक चाक आधी नऊ-तीनला धरून हलवलंत, मग बारा-सहाला. टाय रॉड, बॉल जॉइंट, बेअरिंग, कुठंच प्ले, म्हणजे ढिलेपणा, नव्हता, नव्या गाडीत असायचंही कारण नाही. वाहतुकीसाठी स्प्रिंगमध्ये घालतात ते ठोकळे राहिलेत का, तेही वाकून पाहिलंत. नव्हते.

स्क्रीनवर पुढची दोन्ही चाकं हिरवी. पोरगा म्हणाला, "काका, सगळं ओके." तुम्ही म्हणालात, "मागचं दाखव."

मागचं डावं चाक लाल होतं. कंपनीच्या तक्त्यात प्रत्येक मागच्या चाकाला ०.१० अंश टो-इन हवा होता. डाव्याला ०.१५ टो-आउट होता, उजव्याला ०.१२ टो-इन. मला काहीच कळलं नाही, तेव्हा तुम्ही पायातल्या चपला काढून जमिनीवर ठेवल्यात. अंगठे किंचित आत, हा टो-इन. मग डावी चप्पल बाहेर फिरवलीत, हा टो-आउट. आता दोन्ही चपलांची तोंडं डावीकडे! म्हणजे मागचा धुरा गाडीला सरळ नाही तर थोडं तिरपं ढकलतोय, आणि सरळ जायचं तर पुढच्या चाकांनाही तेवढंच डावीकडे बघावं लागतं. म्हणून टेप डावीकडे. आणि मागच्या चाकाचं तोंड बाहेर असलं, की वाऱ्याच्या झोतानं किंवा खड्ड्यानं त्या चाकावर भार आला रे आला, ते मागचा भाग स्वतःच्या दिशेला नेतं. पुढचं टोक विरुद्ध बाजूला वळतं, मी सावरते, भार हलतो, पुन्हा तेच. पाव अंशाची चूक. हातात धरून दाखवता येणार नाही इतकी.

मग ते गावात का जाणवत नव्हतं, असं मी विचारलं. तुमचं उत्तर मी वहीत लिहून ठेवलंय. चाक तेवढंच वळलं तरी गाडीला बाजूला नेणारा जोर वेगाच्या वर्गानं वाढतो. ३० ला जे होतं त्याच्या चौपट ६० ला आणि सोळापट १२० ला. वाऱ्याचंही तसंच. आणि ११० च्या वेगात गाडी सेकंदाला ३० मीटर जाते, तुम्ही दचकून सावरेपर्यंत ती कुठल्या कुठे. आवारात चक्कर मारणाऱ्या त्या मुलाला मी तेव्हाच मनातून माफ केलं. सर्व्हिस सेंटरला नाही केलं.

कागद घेऊन आपण तिथं गेलो. तुम्ही एक शब्द बोलला नाहीत, खुर्चीवर पेपर वाचत बसलात. त्या छापील लाल आकड्यापुढं "सवय होईल" म्हणायची कुणाची छाती झाली नाही. वॉरंटीत काम झालं. मागच्या आर्मचा कॅम बोल्ट, म्हणजे चाकाचं तोंड बदलायचा बोल्ट, फिरवून दोन्ही चाकं ०.१० वर आणली, मग स्टेअरिंग मधोमध लॉक करून पुढची चाकं जुळवली, आणि शेवटी स्कॅनर लावून स्टेअरिंग किती वळलंय ते गाडीला सांगणाऱ्या स्टेअरिंग अँगल सेन्सरचं शून्य नव्यानं बसवलं. हे शेवटचं त्यांच्या यादीत नव्हतं. तुम्ही पेपरमधून मान वर न करता "सेन्सर?" एवढंच विचारलंत.

त्यानंतर मी सलग चार तास गाडी चालवली. टेप मधोमध. खांदे दुखले नाहीत. ट्रक ओलांडताना अजूनही वाऱ्याचा एक धक्का बसतो, पण तो धक्का बसतो आणि संपतो, त्याच्यामागून गाडी डोलत नाही. तुम्ही सांगितल्याप्रमाणे मुठी सैल ठेवते आणि बॉनेटपुढच्या रस्त्याऐवजी लांब बघते. तुम्ही अगदी हळू आवाजात म्हणाला होतात, "दोष गाडीचा होता, पण चार आणे तुमचेही होते." तेही खरं निघालं.

काका, मला सगळ्यात जास्त आभार कशाचे मानायचेत माहितीये? तुम्ही एकदाही "तुम्हाला वाटतंय" म्हणाला नाहीत. मी जे सांगितलं ते खरं धरून तुम्ही पुढं गेलात. एक गोष्ट बदलायची, बघायचं, मग दुसरी. तुम्हाला उत्तर बहुधा टेप बघूनच कळलं होतं, तरी मधली एकही पायरी गाळली नाहीत, आणि प्रत्येक पायरीवर मला थांबवून दाखवलंत.

तुमचं गेज माझ्याच पर्समध्ये राहिलंय, रविवारी आणून देते. निघताना तुम्ही स्टेपनीची हवा बघायला सांगितली होती आणि मी विसरले होते. आज बघितली. ४५ आहे. किती ठेवू, ते रविवारी सांगा.

तुमची,
निळ्या टेपवाली