वाल्डेर्सबाखच्या ओबर्लिन पाद्रीबाबांना आभार पत्र

आदरणीय ओबर्लिनबाबा,

तुमच्या मंडळीतली माणसं तुम्हाला 'पापा' म्हणत, म्हणून आम्हीही बाबाच म्हणतो. 1826 साली तुम्ही गेलात, तेव्हा हे पत्र तुमच्यापर्यंत पोचायचं नाही, हे ठाऊक आहे. तरी उघडपणे आभार मानायचे आहेत. आम्ही महाराष्ट्रातल्या खेड्यांत बालवाड्या, बचत गट, बियाणं आणि पाणंद रस्ते यांच्या कामात असलेली माणसं. आमच्यातले काही ख्रिस्ती आहेत, बरेचसे नाहीत. पण एका लहानशा गावातल्या लुथरन (प्रॉटेस्टंट ख्रिस्ती पंथातल्या) पाळकाने साठ वर्षांच्या आसपास एकाच ठिकाणी राहून कामाचा जो क्रम घालून दिला, तो आम्हा सगळ्यांच्या उपयोगी पडतो.

1767 साली स्ट्रासबूर्गहून तुम्ही फ्रान्सच्या आल्सास प्रांतातल्या बां द ला रोश या डोंगरी भागात आलात, तेव्हा तुमचं वय सव्वीस होतं. व्होज पर्वताचा उतार, लांबलचक हिवाळा, निकस वाळूट माती. वाल्डेर्सबाख, बेल्मों, बेलफॉस, फूदे, सोलबाख ही तुमची गावं. तुमच्या आधीच्या श्टूबर पाळकांनी शाळांची घडी बसवायला सुरुवात केली होती, वाचनाचं सोपं पुस्तक तयार केलं होतं, पुस्तकपेढीही काढली होती. तुम्ही ते मोडून नवं मांडलं नाहीत, तिथूनच पुढे गेलात. नवा माणूस आला की जुनं फलक उतरवण्याची घाई आम्ही फार पाहतो, म्हणून याचे आभार आधी.

पहिलं काम तुम्ही रस्त्याचं घेतलंत, आणि ते बरोबर होतं. ब्रूश नदी आडवी, पाऊस आणि बर्फ पडलं की वाट बंद. माल बाहेर जात नाही, अवजार आत येत नाही. अशा गावात शेतीसुधारणेचं व्याख्यान देऊन काय उपयोग? पिकलेलं विकायला वाटच नसेल तर जास्त पिकवायचं कशाला, हा शेतकऱ्याचा हिशेब चोख असतो. तुम्ही खडक फोडून स्ट्रासबूर्गच्या हमरस्त्याला मिळणारा रस्ता करायचं सुचवलंत. लोक म्हणाले, आमच्याच्याने होणार नाही. तुम्ही स्वतः कुदळ खांद्यावर टाकून निघालात, मागून माणसं आली. पण आम्हाला त्या कुदळीपेक्षा भिंतीचं महत्त्व वाटतं. डोंगरातून येणारं पाणी कच्चा भराव एका पावसाळ्यात वाहून नेतं. म्हणून तुम्ही आधाराच्या जाड भिंती बांधून घेतल्यात आणि मग नदीवर पूल टाकलात. कडेची भिंत आणि पाण्याची वाट सोडून केलेल्या पाणंदीचं काय होतं, ते आमच्याकडे दर श्रावणात दिसतं.

रस्त्यामागोमाग अवजारं आली. ती शहरातून आणून खरेदीच्याच भावात आणि हप्त्याने द्यायची सोय केलीत. गाडीचं चाक मोडलं तर दुरुस्त करणारा गावात नव्हता, म्हणून चुणचुणीत पोरं स्ट्रासबूर्गला पाठवून सुतार, गवंडी, लोहार, काचकाम करणारे आणि गाड्या बनवणारे तयार केलेत.

आता बटाटा. यावर जरा सविस्तर लिहितो, कारण मंचरकडच्या शेतकऱ्याला हे लगेच कळेल. तुमच्या भागात बटाटा जुना होता, पण ज्या रानात पूर्वी 120 ते 150 बुशेल (धान्य-कंद मोजायचं जुनं माप) निघत तिथे 30 ते 50 वर आला होता. लोकांनी दोष मातीला दिला. तुम्ही म्हणालात, माती तीच आहे, बियाणं थकलं आहे. वर्षानुवर्षं घरचाच बटाटा बेणं म्हणून लावला की कंदातून रोग पुढच्या पिकात उतरत जातो, पानं आखडतात, कंद बारीक होत जातो. विषाणू हा शब्द तेव्हा कुणाला माहीत नव्हता, पण उपाय तुम्ही अचूक केलात: जर्मनी, स्वित्झर्लंड आणि लोरेनमधून नवं बेणं आणलंत. वाळूट माती बटाट्याला मानवणारीच होती, पीक पुन्हा उभं राहिलं. आमच्याकडेही पंजाबचं बेणं दर हंगामाला आणतात ते याच कारणाने. घरचं बेणं वापरून पैसे वाचवायला गेलं की दोन-तीन हंगामांत उतारा दाखवतो.

नवं पीक लावा असं चर्चमधून सांगितलं नाहीत, हेही फार मोलाचं. शहरातून आलेल्या पाद्र्याला शेतीतलं काय कळतं, असं लोक म्हणणारच होते. पाळकनिवासाच्या दोन बागांमधून गावाची पायवाट जात होती. तिथेच खोल चर खणलेत, खत भरलंत, फळझाडांची रोपं लावलीत आणि गप्प राहिलात. येता-जाता लोकांनी झाडं वाढताना पाहिली आणि आपणहून विचारायला आले. मग कलमं कशी बांधायची ते शिकवलंत. खतासाठी पाला, शेवाळ, सूचिपर्णी झाडांची फळं कुजवायला लावलीत. लोकरी चिंध्या आणि जुने जोडेसुद्धा बारीक तुकडे करून त्यात घालायचे, आणि ते तुकडे करण्याचे पैसे पोरांना मिळायचे. लोकर आणि चामडं सावकाश कुजतं आणि हळूहळू नत्र सोडतं, पण अख्खं टाकलं तर तसंच पडून राहतं. म्हणून तुकडे.

आणि दृढीकरण! लुथरन मंडळीत मुलगा किंवा मुलगी लहान प्रश्नोत्तरी (श्रद्धेची मूळ शिकवण प्रश्नोत्तरांत मांडणारं पुस्तक) शिकून, विश्वास स्वतःच्या तोंडाने कबूल करून प्रभुभोजनाला, म्हणजे चर्चमधल्या भाकर-द्राक्षारसाच्या विधीला, पात्र होते, तो हा विधी. तुम्ही त्याला एक अट जोडलीत: दोन झाडं लावल्याचा दाखला आणा. सक्तीच्या वृक्षारोपणात झाड कुणाचंच नसतं. इथे ते त्या पोराचं होतं.

आमच्यातल्या बालवाडीताई तुमच्या सगळ्यात जास्त ऋणी आहेत. बेल्मोंमध्ये सारा बान्झे नावाची तरुणी शेजारपाजारच्या मुलांना विणकाम शिकवत होती. तिच्या वडिलांना तो वेळेचा अपव्यय वाटे. तुम्ही ते काम पाहिलंत, 1769 साली तिला रीतसर कामावर घेतलंत आणि एकेका गावात अशा विणकामाच्या खोल्या निघाल्या. आई-बाप शेतात गेले की लहान पोरं उघड्यावर, हा खरा प्रश्न होता. खोलीत दोन बायका असत. एक हातकाम पाहायची, दुसरी गोष्टी, चित्रं, नकाशे, झाडापानांची ओळख. मोठी मुलं सूत कातत, विणत, शिवत. अगदी धाकटी त्यांच्यामध्ये खेळत. एकच बाई ठेवली तर ती सुईत अडकते किंवा धाकट्यांमागे धावते, आणि शिकवणं राहतं. आमच्या एकट्या सेविकेवर पोषण आहार, वजनं, नोंदवह्या आणि शिकवणं सगळं टाकलं की नेमकं हेच होतं. बाईला शिकवायच्या आधी ती वस्तू स्वतः शिकावी लागे, आणि त्या शिकवण्यात तुमच्या पत्नी मारी-सालोमे यांचाही हात होता.

एका गोष्टीत मात्र आमचं तुमच्याशी जमत नाही. मुलं घरी तिथली बोली बोलत, आणि तुमच्या खोल्यांत ती सोडवून फ्रेंच बोलायला लावत. बाहेरच्या जगाशी व्यवहार फ्रेंचमध्ये होता, हे खरं. तुमच्याच भावाने 1775 साली त्या बोलीवर अभ्यासग्रंथ काढला, हेही खरं. पण ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला आदिवासी पाड्यांच्या अंगणातच शाळा नेली, ती वाट आम्हाला जास्त पटते. लहान मूल घरच्या बोलीत धीट होतं, मग दुसरी भाषा पटकन उचलतं. आदर ठेवूनच हे सांगतो.

तुमची कर्जपेढी बचत गटवाल्यांनी जरूर अभ्यासावी. गरजूला छोटी रक्कम, फेडीची तारीख ठरलेली, आणि तारीख चुकली तर काही काळ पुन्हा कर्ज नाही. अपमान नाही, दंड नाही, फक्त दार थोडे दिवस बंद. गट बुडतात ते बहुधा पहिल्या थकबाकीदाराला नातं पाहून सूट दिल्यामुळे. दुसऱ्याला मग नाही म्हणता येत नाही.

हे सगळं करताना उपदेश, बाप्तिस्मे, लग्नं, दफनं, आजाऱ्याला भेटणं यांतलं काही सुटलं नाही. ज्यांच्यासाठी प्रार्थना करायची त्यांची नावं तुम्ही खोलीच्या दारावर खडूने लिहून ठेवत होतात. शुक्रवारच्या जर्मन उपासनेला बायका गरिबांसाठी मोजे विणत बसायच्या, तुम्ही वाचून दाखवायचात, आणि अर्ध्या तासाने विचारायचात, "मुलांनो, थकलात का?" मग तपकिरीची डबी सगळ्यांत फिरायची. ऐकणाऱ्याचा जीव कुठवर टिकतो याकडे उपदेशकाचं असं लक्ष असावं.

फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात उपासनेवर बंदी आली, 1794 मध्ये तुम्हाला अटकही झाली; क्रांतीतला जहाल पुढारी रोबेस्पिएर सत्तेवरून पडल्यावर सुटलात आणि परत त्याच गावात गेलात. पुढे सूतगिरण्यांनी हातसूत मारलं, तेव्हा लग्राँ या उद्योजक कुटुंबाने फिती विणण्याचा धंदा फूदेला आणला आणि माग घराघरांत गेले. रोजगार घरी आला, पोरांना गाव सोडावं लागलं नाही.

शेवटचे आभार लुईज शेपलेरसाठी. पंधरा-सोळाव्या वर्षी ती तुमच्या घरी कामाला आली, 1783 साली मारी-सालोमे गेल्यावर तिने घर आणि मुलं सांभाळली, पगार घ्यायचं नाकारलं, आणि गावोगावच्या विणकामाच्या खोल्या चालवल्या. तुमच्यानंतरही ती थांबली नाही. 1829 साली फ्रेंच अकादमीने तिला सद्गुणासाठीचा मोंत्यों पुरस्कार दिला. एखाद्या शेतकऱ्याच्या मुलीवर इतकी जबाबदारी सोपवायची आणि मग मध्ये मध्ये करायचं नाही, हे तुम्हाला जमलं, म्हणून ते काम तिच्या हातात टिकलं. आमच्या अंगणवाडीताईंच्या बाबतीत आम्ही हाच आग्रह धरून आहोत.

आपले ऋणी,
महाराष्ट्रातल्या खेड्यांत काम करणारे आम्ही सारे