मान हलवू नका, हो म्हणा

पुणे

तीर्थरूप नाना आणि सौ. आईस,

शिरसाष्टांग नमस्कार.

फोन सोडून पत्र आलं म्हणून घाबरू नका. इकडे सगळे बरे आहेत. मागच्या रविवारी फोनवर मी तीन वेळा विचारलं, "नाना, ठिबक चालू आहे का?" तुम्ही तिन्ही वेळा म्हणालात, "हो हो, सगळं ठीक चालू आहे." मग आईनं फोन घेतला. ठेवल्यावर मी बराच वेळ तसाच बसून होतो. कागदावरचं तुम्हाला चष्म्यानं नीट वाचता येतं, म्हणून हे पत्र. टाइप मीच केलंय, संगणक मला वाचून दाखवत होता. छापून मात्र बँकेतल्या मॅडमनी दिलं. आईला मोठ्यानं वाचून दाखवा, यात तिच्यासाठीही लिहिलंय.

दिवाळीत पाडव्याच्या संध्याकाळी आपण दोघं ओट्यावर बसलो होतो. मी विचारलं, "नाना, यंदा कापूस परवडला का?" तुम्ही काही बोलला नाहीत. मी थांबलो. पुन्हा विचारलं. पुन्हा काही नाही. मला वाटलं, तुम्ही रागावलात किंवा उठून आत गेलात. तेवढ्यात आतून आई म्हणाली, "अरे, ते मान हलवताहेत. नाही परवडला म्हणे."

नाना, त्या वेळी मी काही बोललो नाही, पण ते मनातून गेलेलं नाही. दुसऱ्या कुणाला कमी ऐकू येत असेल तर घरचे खुणा करतात, तोही खुणेनं उत्तर देतो, भागतं. तुमची मान मला दिसत नाही आणि माझा आवाज तुमच्यापर्यंत पोचत नाही. आपल्या दोघांत आवाज एवढाच रस्ता आहे, आणि तो आता आईच्या तोंडून वळसा घालून जातो.

आई म्हणते, कानाचं मशीन फडताळात चष्म्याच्या जुन्या डबीत पडून आहे. लावा म्हटलं की तुम्ही म्हणता, "माले समदं आयकू येस." तुम्ही असं का म्हणता ते मला ठाऊक आहे, कारण मीही सहा वर्षं हेच केलं.

आठवा. मी चौथीत असताना दिवे लागणीला गोठ्यात जाताना खुंट्याला अडखळायचो. सगळे म्हणायचे, रातांधळेपणा आहे, गाजरं खाऊ घाला. आईनं किती गाजरं खाऊ घातली! मग जळगावच्या डॉक्टरांनी सांगितलं की डोळ्याचा पडदाच हळूहळू सुकत जाणारा आजार आहे, यावर औषध नाही. त्यांनी तुम्हाला विचारलं, लग्न नात्यात झालंय का? आई तुमच्या मामाची मुलगी. त्या दिवशी एसटीत चोपड्यापर्यंत तुम्ही एक शब्द बोलला नाहीत. आज सांगतो, त्यात तुमची चूक नव्हती आणि आईचीही नव्हती. आपल्याकडे घरोघरी अशी लग्नं होतात. अशा लग्नात तो धोका थोडा वाढतो एवढंच, आणि हे तेव्हा तुम्हाला सांगणार कोण होतं?

तुम्ही काय केलंत ते मात्र मी अजून लोकांना सांगतो. दहावीत मला उजेड आणि सावली एवढंच कळायला लागलं, तेव्हा तुम्ही घराच्या दारापासून गोठ्यापर्यंत आणि तिथून संडासापर्यंत सुती दोर बांधलात. वळण आलं तिथे एक गाठ, पायरी आली तिथे दोन गाठी. कुणी शिकवलं नव्हतं. रात्री तुम्हाला न उठवता मी एकटा जाऊन येऊ लागलो. पुढे पुण्यात प्रशिक्षणाला गेलो तेव्हा सरांनी जमिनीवरच्या उठावाच्या पिवळ्या फरश्या दाखवल्या. लांब पट्ट्या म्हणजे सरळ चला, गोल ठिपके म्हणजे थांबा. मी म्हणालो, सर, हे तर आमच्या नानांनी दोरावर केलं होतं.

त्याच प्रशिक्षणात पांढरी काठी हातात आली. सरांनी तिची गोष्ट सांगितली होती. दुसऱ्या महायुद्धात डोळे गेलेल्या सैनिकांना पुन्हा एकट्यानं हिंडता यावं म्हणून अमेरिकेत रिचर्ड हूवर यांनी ही लांब काठी चालवण्याची पद्धत बसवली. पाऊल जिथे पडणार तिथे काठीचं टोक आधी जाऊन येतं. डावं पाऊल पुढे पडलं की टोक उजवीकडे, उजवं पडलं की डावीकडे. फरशी, माती, डांबर, लोखंडी झाकण, प्रत्येकाचा नाद वेगळा. महिनाभरात मी पुण्यात एकटा बसनं जाऊ लागलो.

पण गावाला येताना चोपड्याच्या स्टँडवरच काठीची घडी घालून पिशवीच्या तळाशी ठेवायचो. वर टॉवेल. गावानं मला काठीनिशी बघू नये, तुम्हाला कुणी "आंधळ्याचा बाप" म्हणू नये, असं वाटायचं. तुम्हीही कधी काठी काढ म्हणाला नाहीत, कोपर धरून चालवत राहिलात. मग ताईच्या लग्नात आचाऱ्यांनी चुलीसाठी खणलेल्या चरात मी पडलो. सकाळची वेळ होती, आत विस्तव नव्हता, नुसती राख होती. तुम्ही माझे गुडघे धूत होतात आणि तुमचे हात थरथरत होते. त्याच संध्याकाळी मी काठी उघडली. दोन दिवस पोरं मागे मागे फिरली. तिसऱ्या दिवशी कुणाचं लक्षही नव्हतं.

नाना, सहा वर्षांची लाज तिसऱ्या दिवशी संपली. तुमचीही तेवढीच टिकेल.

आता मशीनबद्दल. तुम्ही म्हणता की त्यात नुसता खडखडाट होतो, भांडी डोक्यात पडल्यासारखी वाटतात. ते खरंच आहे. ज्या दुकानात घेतलं तिथे त्यांनी दहा मिनिटांत कानात घालून दिलं, तपासणी नीट केली नाही. मी बरोबर असतो तर तसं निघू दिलं नसतं, याची मला चुटपुट आहे. इथे एका ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे ऐकू किती येतं ते तपासणाऱ्या बाईंना मी सगळं विचारून घेतलं. वयानं कान कमी होतो तेव्हा सगळे आवाज सारखे कमी होत नाहीत. बारीक, उंच आवाज आधी जातात. आ, ओ, ऊ हे ठळक ऐकू येतात. स, श, फ, त, क हे पुसट होतात. म्हणून आवाज येतो पण शब्द कळत नाही. आई "ताट" म्हणते, तुम्हाला "खाट" ऐकू येतं. तुम्ही तिला म्हणता, "ओरडू नको, नीट बोल." तुमचं बरोबर आहे. ओरडल्यानं आ आणि ओ तेवढे मोठे होतात, त आणि क तसेच हरवलेले राहतात. छकुलीचा आवाज बारीक, म्हणून तिचं तर काहीच लागत नाही. ती मला म्हणाली, "आजोबा माझ्याशी बोलत नाहीत." सहा वर्षांच्या पोरीला काय सांगू?

कोणता आवाज किती कमी झालाय त्याचा आलेख काढतात. मशीन त्या आलेखाप्रमाणे बसवावं लागतं, हरवलेले बारीक आवाज तेवढे उचलायचे आणि ठळक आहेत ते तसेच ठेवायचे. तुमचं मशीन सगळंच वाढवत असणार, म्हणून भांडी पडतात. कानात ओली लगदी घालून साचा घेतात, तो नेमका बसला की शिट्टी वाजत नाही. त्याआधी कानाचे डॉक्टर मळ आहे का बघतील, कधी कधी निम्मा त्रास तिथेच असतो. आणि मशीन लावलं की पहिले काही आठवडे सगळंच नवं वाटतं. पंख्याची घरघर, कागदाचा आवाज, स्वतःचं बोलणं. पहिल्या दिवशी तासभर, तेही घरात, आईशी बोलताना. मग वाढवत जायचं. बाजारात आणि लग्नात नंतर. मी पहिल्यांदा काठी घेतली तेव्हा मनगट आठ दिवस दुखत होतं. आता ती हातात आहे हे आठवतही नाही.

माझ्याकडे आता दुसरी काठी आहे हे सांगायचं राहिलं होतं. आयआयटी दिल्लीत तयार झालेली, २०१४ पासून मिळते. साधी काठी जमिनीवरचं सांगते, पण ट्रकचा मागे आलेला फाळका किंवा झाडाची खाली आलेली फांदी तिला कळत नाही, ती थेट कपाळावर बसते. या काठीच्या मुठीवरून आपल्याला ऐकू न येणारा आवाज पुढे जातो आणि आपटून परत येतो, आपल्याकडची लहान वटवाघळं अंधारात उडतात तसा. तीन मीटरच्या आत काही असलं की मूठ थरथरते, जवळ आलं की थरथर बदलते. बँकेतला संगणक बोलतो तो एनव्हीडीए नावाचा प्रोग्राम. ऑस्ट्रेलियातल्या मायकल करन या अंध तरुणानं २००६ मध्ये तो सुरू केला आणि फुकट ठेवला. त्याच्या बळावर माझी नोकरी चालली आहे. नोटांचंही सांगतो. पूर्वी तुम्ही मला नोटांच्या वेगवेगळ्या घड्या करून द्यायचात. आता पाचशेच्या नोटेला कडांवर पाच तिरप्या उठावाच्या रेघा आणि एक गोल असतो, शंभरला चार रेघा आणि त्रिकोण. नवी नोट बोटाला लगेच सांगते. जुनी, घामानं मऊ झालेली असली तर फोनचा कॅमेरा धरतो. रिझर्व्ह बँकेचं 'मनी' नावाचं ॲप आहे, ते किती रुपयांची ते बोलून दाखवतं. घरातून निघाल्यापासून परत येईपर्यंत मी अशा दहा वस्तूंच्या आधारानं चालतो. त्या काढून घेतल्या तर मी पुन्हा दोराशी येईन.

आई, आता तू. नानांची छत्री टेकत चालतेस ते ताईनं सांगितलं. छत्रीचं टोक गुळगुळीत आहे, मोरीत ते सरकेल. काठी पाठवतोय, खाली रबरी बूड असलेली. ते झिजून गुळगुळीत झालं की बदलायचं, दोन जादा ठेवलेत. सरळ उभी राहून हात खाली सोडला की मनगटाची घडी जिथे येते तेवढी काठीची उंची हवी, ताईकडून बटण दाबून तेवढी करून घे. आणि तुझा उजवा गुडघा दुखतो ना, तर काठी डाव्या हातात धरायची. सगळे दुखऱ्या बाजूलाच धरतात. उलट्या हातात धरली की दुखऱ्या पायावरचा भार काठी वाटून घेते आणि चाल सरळ राहते. मोरीत आणि संडासात भिंतीला स्टीलचे दांडे बसवून घ्यायचे आहेत, गवंड्याशी बोललोय. संडासात बसायला कमोडची खुर्चीही आणतो. "माझ्यासाठी कशाला खर्च" म्हणू नकोस. तुझ्या हातची कळण्याची भाकरी मला आणखी वीस वर्षं खायची आहे. तू मोरीत पडलीस तर नानांना तुझी हाक ऐकू येणार नाही, ही धास्ती मला रात्री झोपू देत नाही.

पैशाचं मी बघतो, पण हक्काचं सोडायचं नाही. मुख्यमंत्री वयोश्री योजनेत पासष्टच्या वरच्यांना, घरचं वार्षिक उत्पन्न दोन लाखांच्या आत असेल तर, अशा वस्तूंसाठी एकदाच ३,००० रुपये खात्यात येतात. आधार आणि बँकेचं पासबुक काढून ठेवा, मी आलो की अर्जाचं बघू. नाना, कानाचं प्रमाणपत्र निघालं तर तुमचंही माझ्यासारखं यूडीआयडी कार्ड, म्हणजे अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र होईल. कागदावर अपंग लिहिलं जाईल म्हणून जीव दुखेल. माझाही दुखला होता, आणि तुम्हीच तेव्हा माझ्याबरोबर जिल्ह्याच्या दवाखान्यात दिवसभर रांगेत उभे होतात.

मी आखाजीच्या चार दिवस आधी निघतो. महाराष्ट्र एक्सप्रेसनं जळगाव, तिथून एसटी. घ्यायला येऊ नका, उन्हाचा त्रास होईल, मी काठीनं येतो. दुसऱ्या दिवशी आपण तिघं जळगावला जाऊ, आधी कानाचे डॉक्टर, मग तपासणी, मग मशीन आलेखाप्रमाणे लावून घेऊ. आखाजीला ताई येईल, अंगणातल्या निंबाला झोका बांधेल, बायका गाणी म्हणतील. तुम्ही दरवर्षी ओट्यावर बसून त्या गाण्यांवर पायानं ताल धरायचात. गेल्या वर्षी धरला नाहीत, आईनं सांगितलं.

आणि संध्याकाळी सगळे गेले की मी तुमच्या शेजारी बसेन. ठिबकचं विचारीन. नाना, मान हलवू नका. तोंडानं हो म्हणा, नाहीतर नाही म्हणा.

आपला,
राजू

ता. क. पार्सलमध्ये मशीनचे सेल आहेत, नारंगी चिकटी लावलेले. चिकटी काढली की सेलला हवा लागते आणि मगच तो चालू होतो, म्हणून पाच मिनिटं तसाच ठेवून मग घाला. चिकटी आधीच काढून ठेवू नका, सेल वाया जातो. रात्री मशीनचं झाकण उघडं ठेवा. आणि डबी वरच्या फळीवर ठेवा, ताईचा धाकटा सगळं तोंडात घालतो.