धार्मिक म्हणजे प्रतिगामीच का?

महोदय,
धार्मिक माणूस सुधारणेच्या आड येतोच, हे गृहीत धरणारा आपल्या रविवारच्या अंकातील लेख वाचला. त्याच्याशी मी असहमत आहे. कपाळावरचा बुक्का पाहून जातिभेद किंवा विज्ञान यांविषयीची एखाद्याची मते आधीच ठरवून टाकणे अन्यायाचे आहे. दिवसा खराट्याने गाव झाडणारे आणि रात्री त्याच गावात कीर्तनातून नवसाच्या पशुहत्येवर, सणावारांसाठी काढलेल्या कर्जावर कोरडे ओढणारे गाडगेबाबा धार्मिक नव्हते, असे कोण म्हणेल? पंढरपूरच्या मंदिरात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा म्हणून मे १९४७ मध्ये उपोषणाला बसलेले साने गुरुजीही श्रद्धावानच होते. त्यांचे विरोधकही स्वतःला धार्मिकच म्हणवीत, हे खरे. परंतु लेखकाने केवळ त्या विरोधकांनाच धर्माचे प्रतिनिधी मानले, हे मला अत्यंत खटकले.
– एक वाचक, सातारा