आई, मी तेव्हा गच्चीवर होते

लीड्स (इंग्लंड), ९ नोव्हेंबर

तीर्थरूप आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

रोज फोन होत असताना पत्र आलं, म्हणजे काहीतरी वाईट बातमी असणार असं तुझ्या मनात आलं असेल. तसं काही नाही. तब्येत बरी आहे, नोकरी नीट चालू आहे. पण फोनवर तुझा आवाज ऐकायचा, त्यातली काळजी ओळखायची आणि त्याच वेळी आपलं म्हणणं मांडायचं, हे मला एकदम जमत नाही. लिहिताना जमतं. सावकाश वाच. बाबांना वाचून दाखव. ताईच्या लग्नाबद्दल जिथे लिहिलंय तो कागद मात्र ताईच्या हातात दे, तिचा तिला वाचू दे.

मागच्या वर्षी फेब्रुवारीत मी तुला फोन करून एकामागून एक प्रश्न विचारले होते, आठवतं? मी बोलायला कधी लागले, हाक मारली की वळून बघायची का, बोटाने वस्तू दाखवायची का, इतर मुलांत खेळायची का. तू म्हणालीस, "आता चाळीस वर्षांनी हे काहून विचारून राहिली?" मी ऑफिसच्या कागदांचं कारण सांगितलं. ते खोटं होतं, आणि ते मला तेव्हापासून सलतंय. माझी तपासणी चालू होती. मोठ्या माणसाची ही तपासणी करताना लहानपण पाहिलेल्या कुणाला तरी विचारतात, कारण ही गोष्ट चाळिशीत सुरू होत नाही, जन्मापासून असते. तू सांगितलेलं मी जसंच्या तसं लिहून दिलं. दीड वर्षाची असताना पूर्ण वाक्यं बोलायची. शेजारच्या मुली बोलवायला आल्या की दाराआड जायची. तुझा बटणांचा डबा घेऊन दुपारभर रंगांप्रमाणे ओळी लावायची, आणि कुणी एक बटण हलवलं तर रडून आकांत करायची. भाताला वरण लागलं की ताट सरकवायची, म्हणून तू माझ्यासाठी वरणाची वाटी नेहमी वेगळी ठेवलीस.

तर निदान असं आहे की मला ऑटिझम आहे. काही वर्षांपूर्वी तपासलं असतं तर माझ्यासारखीला "ॲस्पर्जर सिंड्रोम" म्हटलं असतं. बोलणं वेळेवर आलेलं, बुद्धी व्यवस्थित, पण माणसांत वावरणं अवघड, आवाज-उजेड-स्पर्श सोसत नाहीत आणि एखाद्या विषयात डोकं पूर्ण रुतलेलं, अशांना ते नाव होतं. लोर्ना विंग नावाच्या इंग्लंडमधल्या मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी १९८१ साली ते रूढ केलं. त्यांच्या स्वतःच्या मुलीला ऑटिझम होता. अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या निदानाच्या पुस्तकातून ते नाव २०१३ मध्ये गेलं, जागतिक आरोग्य संघटनेची नवी यादी २०२२ पासून लागू झाली तिच्यातही ते नाही. आता सगळं मिळून एकच, ऑटिझम.

नाव गेलं ते मला बरंच वाटतं. हान्स ॲस्पर्जर हे व्हिएन्नातले बालरोगतज्ज्ञ. त्यांनी १९४४ मध्ये चार मुलांबद्दल सविस्तर लिहिलं, चारही मुलगेच. २०१८ मध्ये जुनी कागदपत्रं अभ्यासून एका इतिहासकाराने दाखवून दिलं की नाझी राजवटीत ज्या दवाखान्यात अपंग मुलांना मारलं जात होतं तिथे ॲस्पर्जर यांनीही मुलं पाठवली होती. हे वाचल्यापासून ते नाव मला स्वतःला लावून घ्यावंसं वाटत नाही. तुला सांगायला मात्र तेच आधी वापरते आहे, कारण "ऑटिझम" म्हटलं की तुझ्या डोळ्यांपुढे मावशीचा नातू येईल आणि तू म्हणशील, तू काही तशी नाहीस. आम्ही दोघं सारखे नाही हे खरं, पण आमच्यात नातं आहे.

आपल्याकडे माझ्यासाठी शब्दांची कमी कधीच नव्हती. घुमी. तुसडी. एककल्ली. आतल्या गाठीची. काकू तर सरळ माणूसघाणी म्हणायच्या. हे शब्द मी लहानपणी पाठ केले होते, कारण मला वाटायचं की ते नीट कळले तर त्यातून बाहेर कसं पडायचं तेही कळेल. आता त्यांच्या जागी मराठीत एक चांगला शब्द आलाय, स्वमग्नता. तो दयाळू आहे, पण मला पुरता पटत नाही. मी स्वतःत मग्न कधी नव्हते गं. उलट बाहेरचं सगळं एकदम आत यायचं आणि त्यात मला स्वतःला जागा उरायची नाही.

हे कसं असतं ते सांगते. आपल्या स्वयंपाकघरात तू ओट्याशी बोलायचीस तेव्हा कुकर, नळ, पंख्याची टकटक, बाहेरचा भाजीवाला आणि तुझं बोलणं मला सारख्याच मोठ्याने ऐकू यायचं. इतरांचं डोकं नको ते आवाज आपोआप मागे ढकलतं. माझं ढकलत नाही, मला एकेक हाताने बाजूला करावा लागतो. म्हणून मी उत्तर उशिरा द्यायची, आणि "लक्ष कुठे आहे तुझं?" ऐकायची. लक्ष तुझ्याकडेच होतं.

आणि कूलर आठवतो? एप्रिलमध्ये बाबा खिडकीत कूलर बसवायचे, वाळ्याच्या ताट्या भिजायच्या, तो वास, आणि रात्रभर ती एकसुरी घरघर. सगळं नागपूर उन्हाळ्याला कंटाळायचं आणि मी त्याची वाट पाहायची. कूलरच्या घरघरीत बाकीचे आवाज बुडून जायचे. वर्षातले तेवढेच तीन महिने मला सलग झोप लागायची. पावसाळा लागल्यावर मी रात्री उठून बसायची तेव्हा तू मला अंगारा लावायचीस. कूलर बंद झाल्यामुळे असं होतं हे तुला कसं कळणार, मलाही माहीत नव्हतं. आता इथे मी उशाशी तसा आवाज करणारं छोटं यंत्र ठेवते.

मारबतीचं तर तुला नक्की आठवत असेल. मी सहा वर्षांची, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपण इतवारीत आजोळी. खाली पिवळ्या मारबतीचा तो मोठा पुतळा मिरवत आला, ढोल-ताशे, बडग्यांचे पुतळे, "घेऊन जा गे मारबत"चा एकच गजर. मामांनी मला नीट दिसावं म्हणून उचलून कठड्यावर धरलं आणि मी त्यांच्या हाताला चावले. सगळे ओरडले. तू काही बोलली नाहीस. मला आतल्या अंधाऱ्या खोलीत नेलंस, धान्याच्या कोठीशी बसलीस, माझं डोकं छातीशी दाबलंस आणि तुझे दोन्ही तळवे माझ्या कानांवर ठेवलेस. तुझ्या हातांना हळदीचा वास होता. मिरवणूक निघून जाईपर्यंत तू तशीच बसलीस. इथल्या तपासणीत मला विचारलं, लहानपणी असं व्हायचं तेव्हा कशाने बरं वाटायचं? मी हेच सांगितलं. त्या बाई म्हणाल्या, घट्ट दाब आणि शांतता, आम्हीही हेच सुचवतो. तुला हे कुणी शिकवलं नव्हतं.

आता ताईच्या लग्नाचं.

ताई, मंगलाष्टकांच्या वेळी मी नाहीशी झाले आणि पंक्ती उठल्यावर सापडले. लोक म्हणाले, धाकटी जळते. तू मला तसं कधी म्हणाली नाहीस, पण सासरी जाताना तू माझ्याकडे पाहिलंही नाहीस, आणि त्यावर आपण आजतागायत बोललो नाही. त्या दिवशी पहाटेपासून बँड होता, दाराशी जनरेटर होता, माझ्या नव्या साडीची जर मानेला करवतीसारखी लागत होती, आणि येणारा प्रत्येक जण गालाला हात लावून "आता तुझा नंबर" म्हणत होता. अक्षता हातात घेतल्या तेव्हा मला माणसांचे चेहरे दिसेनासे झाले, नुसते तोंडांचे आकार हलताना दिसत होते. मी तिथे उभी राहिले असते तर किंचाळले असते. तुझ्या लग्नात. म्हणून जिन्याने वर गेले.

कार्यालयाच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे सावली होती. तिथून मांडवाचं फक्त कापड दिसायचं, पण मंगलाष्टकं स्पष्ट ऐकू येत होती. मी प्रत्येक "सावधान"ला अक्षता टाकल्या. घामाने त्या तळहाताला चिकटल्या होत्या, एकेक दाणा नखाने सोडवून खाली मांडवाच्या कापडावर टाकत होते. शेवटी मुठीत सात उरल्या होत्या त्या पदराला बांधून आणल्या. मी तुझ्या लग्नात होते, ताई. पहिल्यापासून शेवटपर्यंत होते.

आई, तू विचारशील की एवढं होतं तर शाळेत, कॉलेजात कुणाला कसं कळलं नाही. एक तर मुलींमध्ये हे असतं असं डॉक्टरांनाही फारसं वाटत नव्हतं, सगळी वर्णनं मुलांवरून बेतलेली. दुसरं म्हणजे मी लपवायला शिकले. कधी हसायचं ते ताईच्या चेहऱ्याकडे पाहून ठरवायची. पाहुण्यांशी काय बोलायचं याची वाक्यं रात्री मनात घोकून ठेवायची. समोरच्याच्या डोळ्यांत पाहणं सोसत नाही म्हणून दोन भुवयांच्या मधे पाहायची. पुष्कळ मुली असंच करतात, आणि करता करता थकून जातात.

मी थकले ते चार वर्षांपूर्वी. तुला मोठा ताप आल्याचं सांगितलं होतं. तो ताप नव्हता. जुन्या नोकरीत एका मोठ्या हॉलमध्ये साठ माणसं, दिवसभर फोन, आणि दर आठवड्याला बसायची जागा बदलायची. एका सोमवारी बसथांब्यावर उभी होते आणि बसमध्ये चढता येईना. पाय होते, पण हलेनात. त्यानंतर नऊ दिवस माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. चार महिने घरी होते. डॉक्टरांनी नैराश्य म्हणून गोळ्या दिल्या, त्यांनी झोप आली, बाकी फरक पडला नाही. मग एका परिचारिकेने विचारलं, तुमची कधी ऑटिझमची तपासणी झाली आहे का? नंबर लागायलाच दीड वर्ष गेलं.

आता मी रक्त तपासणीच्या लॅबमध्ये आहे ते तुला ठाऊक आहे. एककल्लीपणा तिथे कामाला येतो. काचेवर रक्ताचा पातळ थर पसरून रंगवतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली एकेक पेशी पाहायची असते. परवा हजारो लाल पेशींमध्ये मला एकीत अंगठीसारखी बारीक जांभळी रेघ दिसली, मग आणखी दोघींत. मलेरिया होता, प्रवासातून आलेल्या माणसाला. त्याला त्याच रात्री औषध सुरू झालं. हे काम मी तासन्‌तास करू शकते आणि उठताना ताजी असते. निदान झाल्यावर इथल्या २०१० च्या समानतेच्या कायद्याप्रमाणे साहेबांनी माझं टेबल दारापासून हलवून भिंतीकडे दिलं, सूचना लेखी द्यायला सुरुवात केली, कानांवर आवाज अडवणारे हेडफोन चालतात. एवढ्याशा गोष्टींनी माझ्या संध्याकाळी मला परत मिळाल्या.

आणि आता जे तू रात्री पडल्या पडल्या मनात आणशील त्याबद्दल. तुझं काहीही चुकलेलं नाही. गरोदरपणी खाल्लेल्या कशाने नाही, लशीने नाही, मला आजोळी ठेवून नोकरीवर जायचीस त्यानेही नाही. पूर्वी अमेरिकेत डॉक्टर म्हणायचे की आईची माया कमी पडली की मूल असं होतं. कितीतरी बायकांनी तो डाग आयुष्यभर सोसला. ते साफ खोटं ठरलंय. बहुतांशी हे रक्तातून येतं, डोळ्यांच्या रंगासारखं. बाबांनी चाळीस वर्षं एकाच वेळी, एकाच कपात चहा घेतला आणि लग्नांत नेहमी गाड्या लावायचं काम मागून घेतलं, त्याकडे मी आता फार मायेने पाहते. त्यांना काही विचारू नकोस, मी आले की त्यांच्याशेजारी बसेन.

याला औषध नाही, आणि मला बरंही व्हायचं नाही. समोरच्याला मी कळत नाही तितकाच तोही मला कळत नाही, दुरावा दोन्ही बाजूंचा असतो, असं डेमियन मिल्टन नावाच्या एका अभ्यासकाने २०१२ मध्ये मांडलं. ते स्वतः ऑटिस्टिक आहेत. तोवर सगळा दोष आमच्याच पदरात टाकलेला असायचा.

मावशीला सांग, नातवाला "मुलगे उशिराच बोलतात" म्हणून घरी ठेवू नकोस, मुलांच्या विकासाच्या डॉक्टरांना दाखव. आपल्या देशाच्या २०१६ च्या कायद्यात ऑटिझम आहे, सरकारी प्रमाणपत्र मिळतं, शाळेत सवलती मिळतात. आणि तो पंख्याकडे पाहत बसला तर पाहू दे, त्याला त्यातून काहीतरी मिळत असणार.

बाबांच्या पंचाहत्तरीला जानेवारीत येतेय, तिकीट काढलंय. कार्यक्रमाला मी असेन. पण मला दाराशी उभं राहून स्वागत करायला लावू नकोस. भेटवस्तू भरायच्या, पाहुण्यांची यादी, पैशांचा हिशोब, हे माझ्याकडे दे, एकही चूक होणार नाही. मागची छोटी खोली माझ्यासाठी मोकळी राहू दे, आणि मी तासाभराने तिकडे गेले तर कुणी शोधायला येऊ नये, कुणी विचारलं तर तू सरळ सांग की ती विश्रांती घेतेय. साडी सुतीच नेसेन. सांभारवडी करशील ना? वरणाची वाटी वेगळी.

सोनेगावला विमानतळावर सगळे येऊ नका, तू एकटी ये. लगेच बोलू नकोस, प्रवासानंतर मला शब्द सुचायला वेळ लागतो. आणि पाठीवरून हलका हात फिरवू नकोस, तो मला टोचतो. घट्ट धर, कोठीशी धरलं होतंस तशी.

तुझी,
धाकटी